खिम्याचा लोफ आणि तीन पॅन : मिनियापोलिसच्या ओव्हनमधल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

जुना पॅन आज बाद झाला. लेकीच्या ताटातल्या तुकड्याच्या बुडाला काळा पापुद्रा चिकटला होता. मला मिरी वाटली. तिने नखाने उचलून दाखवला, तर तो प्लास्टिकच्या कागदासारखा वाकला. पॅन धुऊन उजेडात धरला. चारही कोपऱ्यांत टेफ्लॉन उडालेलं, खाली पत्रा दिसतोय.

मीटलोफ म्हणजे काय, हे माहीत नसलेल्यांसाठी : खिमा, अंडं, दुधात भिजवलेला पाव आणि कांदा मळून विटेएवढ्या लांबट पॅनमध्ये भाजायचा, वर केचपचा गोडसर लेप. लेकीने शाळेत खाल्ला आणि घरी हट्ट धरला. गोमांस मी आणत नाही. अर्धा टर्कीचा, अर्धा मेंढीचा खिमा घेते, आत कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला दोन चमचे. अमेरिकन माणसाने चाखला तर त्याला घाम फुटेल, पण आमच्याकडे हाच चालतो.

पोटात गेलेल्या पापुद्र्याची नवऱ्याला काळजी. तो तुकडा पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. काळजी करायची ती पॅन फार तापला तर.

पॅन चार वर्षांत का गेला, ते प्रामाणिकपणे लिहिते. लोफ पॅनमध्येच सुरीने कापायचे. डिशवॉशरमध्ये टाकायचे. त्याच्या पोटात स्टीलची कढई बसवून कपाटात ठेवायचे. दर वेळी डब्यातला तेलाचा स्प्रे मारायचे. यातली शेवटची चूक मला तेव्हा चूक वाटतच नव्हती.

१८ जानेवारी

दुकानात गेले तर टेफ्लॉनचे पॅन नाहीतच. विसरले होते. १ जानेवारीपासून आमच्या मिनेसोटा राज्यात पीफास (सहज न मोडणारी फ्लोरिनची रसायनं) मुद्दाम घातलेली भांडी विकायला बंदी आहे, आणि टेफ्लॉन त्याच कुळातलं. फळीवर तीनच प्रकार उरलेले : बिनलेपाचे, काचेचे आणि सिरॅमिक लेपाचे. सिरॅमिक म्हणजे बरणीसारखी चिनी माती नव्हे, धातूवर सिलिकाचा पातळ कडक थर. गुळगुळीत असतो, पण टेफ्लॉनच्या मानाने लवकर म्हातारा होतो, असं ऐकून होते.

साडेआठ बाय साडेचार इंचांचा, आतून दुधासारखा पांढरा पॅन घेतला. २४ डॉलर. शेजारी नऊ बाय पाचचा होता, तीन डॉलरने महाग. अर्ध्या इंचाने काय होतंय, म्हणून छोटा उचलला.

घरी आल्यावर पाणी ओतून मोजलं. सहा कप. नऊ बाय पाचच्यात आठ कप मावतात. अर्धा-अर्धा इंच वाढला की माप एक तृतीयांशाने वाढतं, हे गणित दुकानात उभं राहून सुचत नाही. पाककृतीत 'दोन पौंड खिमा' असेल तर ती मोठ्या पॅनची आहे असं समजा.

१९ जानेवारी

दोन पौंड खिमा (साधारण ९०० ग्रॅम), दोन स्लाइस पाव, अर्धा कप दूध, दोन अंडी, एक मोठा कांदा. सगळं छोट्या पॅनमध्ये दाबून बसवलं. काठोकाठ. ३५० फॅरनहाइट (१७७ सेल्सिअस).

चाळीस मिनिटांनी स्वयंपाकघरात निळा धूर. मांस आकसलं, आतली चरबी आणि रस वर आला, वर जागा नव्हती म्हणून काठावरून ओव्हनच्या तळावर पडला. धुराचा भोंगा वाजला. बाहेर उणे सतरा, आम्ही खिडक्या उघडून टॉवेल हलवतोय.

ओव्हन साफ करायला एक तास वीस मिनिटं गेली. लोफ मधोमध कच्चा होता म्हणून तो परत आत गेला. आम्ही साडेनऊला जेवलो.

एक मात्र खरं, पॅन उलटा केल्यावर लोफ अलगद ताटात आला. कोपरासुद्धा अडकला नाही. नवा सिरॅमिक पॅन खरोखर जादू करतो. त्या जादूवर भाळून मी पुढच्या चुका केल्या.

२६ जानेवारी

दीड पौंड खिमा. वर बोटभर जागा सोडली. पॅनखाली काठाचा ट्रे. कांदा आधी परतून, गार करून घातला, कारण कच्च्या कांद्याचं पाणी सुटतं आणि लोफ कापताना भुसभुशीत होतो. सांडलं नाही.

पण लोफ स्वतःच्याच चरबीत बसलेला. पॅन तिरका करून रस वाटीत काढला, पाऊण वाटी निघाला. खालचा अर्धा इंच उकडल्यासारखा, फिका. फक्त वरची बाजू खरपूस. खिमा भाजायचा तर चरबीला वाट हवी, हे आईच्या तव्यावरच्या कबाबांवरून कळायला हवं होतं.

शेजारच्या आजीबाईंना एक तुकडा दिला. ऐंशीच्या आहेत, जन्मभर इथेच. त्यांनी पाणी मागून खाल्ला आणि म्हणाल्या, मी तर पॅन वापरतच नाही, हाताने वळते आणि ट्रेवर ठेवते. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. ही नोंद पुढे लागेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

चरबीला वाट देणारा पॅन मिळतो. दोन भांडी एकात एक : आतल्याच्या तळाला भोकं, बाहेरचं चरबी झेलायला. मला सापडला तो टेफ्लॉनचाच, म्हणजे मिनेसोटात विकायला नाही. सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन हे शेजारचं राज्य, पलीकडे हडसन गाव. कायदा विक्रीवर आहे, वापरावर नाही. गाडी काढली. आजीबाईंना हडसनला काम होतं, त्याही बसल्या. पॅन ३१ डॉलर, पेट्रोल वेगळं, अर्धा दिवस गेला.

परतताना पुलावर आजीबाईंनी विचारलं, हा कायदा कुणाच्या नावाने ओळखला जातो माहीत आहे का? अमारा स्ट्रँडी. याच भागात वाढलेली मुलगी, यकृताचा दुर्मीळ कर्करोग झालेला. आजारपणातच तिने विधिमंडळात या रसायनांविरुद्ध साक्ष दिली आणि एप्रिल २०२३मध्ये, एकविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना गेली. कायदा त्यानंतर झाला. आजीबाई रागाने बोलल्या नाहीत, फक्त सांगितलं. पॅन मागच्या सीटवर होता. परत करावा असं वाटलं, केला नाही. जे झालं ते लिहिते आहे.

९ फेब्रुवारी

भोकाच्या पॅनची पहिली खेप. पॅनच तब्येतीचा आहे तर खिमाही तब्येतीचा, म्हणून नुसता टर्कीचा घेतला, सात टक्के चरबीचा. मूर्खपणा. मुळात चरबी नाही तर निथळणार काय? जो थोडा रस होता तोही भोकांतून गेला. लोफ दसऱ्याला केलेल्या आणि दिवाळीला सापडलेल्या वडीसारखा कोरडा. लेकीने केचपमध्ये बुडवून संपवला.

शिवाय मिश्रण पातळ असताना भोकांत उतरलं आणि तिथेच शिजलं. प्रत्येक भोकात खिम्याची एक खुंटी. लोफ उचलताना बूड फाटलं. भोकं साफ करायला पंचवीस मिनिटं. टूथपिकने. लाकडाची होती, धातूची काडी वापरली नाही एवढीच अक्कल.

१६ फेब्रुवारी

मेंढी-टर्की अर्धी-अर्धी, मळून झाल्यावर तासभर फ्रिजमध्ये, म्हणजे मिश्रण घट्ट होतं आणि भोकांत उतरत नाही. दोन चमचे डाळ्याचं पीठही घातलं, आई कोफ्त्यांना घालते तसं. बाहेरच्या पॅनच्या तळाशी शिळ्या पावाचे दोन स्लाइस ठेवले. चरबी पाव पितो, उडत नाही, धूर होत नाही. ही युक्ती पक्की. भोकांत खुंट्या जवळजवळ नाहीत. लोफ चारही बाजूंनी बरा.

इथेच थांबायला हवं होतं. वरचा केचपचा लेप चकचकीत करायला ब्रॉयलर (ओव्हनमधली वरून भाजणारी सळई) लावला, पॅन वरच्या फळीवर, चार मिनिटं. पॅनला एक उग्र, वायर जळल्यासारखा वास आला. पॅनबरोबरचा सूचनांचा कागद नंतर वाचला : ४५० फॅरनहाइटच्या वर नको, ब्रॉयलरखाली नकोच. लोफच्या मधलं तापमान १६५ असलं तरी उघडा काठ थेट लाल सळईसमोर असतो. टेफ्लॉन २६० सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतं, आणि त्याच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. आमच्याकडे पक्षी नाही. आजीबाईंकडे बजरीगर (छोटा पोपट) आहे, पण भिंतीपलीकडे. तरी मी त्यांना फोन केलाच. तो शिट्ट्या मारत होता.

काठाचा रंग एका बाजूला तपकिरी झालाय. तो जाणार नाही.

२ मार्च

सिरॅमिकचा पॅन परत काढला आणि लोफ चिकटला. दीड महिन्यापूर्वी अलगद सुटणारा आज लाकडी उलथन्याने खरवडून काढला. बूड पॅनमध्ये, बाकीचा ताटात. मध्ये या पॅनमध्ये बनाना ब्रेड चार-पाच वेळा झाला होता, दर वेळी स्प्रे मारून. पांढऱ्या तळावर पिवळट तपकिरी छटा. हात लावला तर किंचित चिकट.

मी ठरवलं, लेप गेला. २४ डॉलर पाण्यात.

३ मार्च

पॅन फेकायच्या पिशवीत होता, तिथून काढला. त्या चिकट स्पर्शाची ओळख पटली होती. कोल्हापूरच्या घरी गॅसमागच्या टाइल्सवर बसतो तोच हा थर. तेल तापून, हवा लागून, वार्निशसारखं वाळलेलं. लेप गेला नव्हता, लेपावर तेलाचं कातडं चढलं होतं. स्प्रेमध्ये तेलाबरोबर लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो आधी करपतो आणि धरून बसतो, शिवाय स्प्रे मिश्रण नसलेल्या काठावरही उडतो, तिथे तर ते नुसतंच भाजतं.

गंमत अशी की बिडाच्या तव्यावर हाच थर आपण हौसेने चढवतो. आजी नवा तवा आला की त्यावर आठ दिवस कांदा परतून परतून तो काळा करायची, आणि साबण लावणाऱ्याला शिव्या द्यायची. तिथे तेलाचं कातडं म्हणजेच नॉनस्टिक. इथे मुळातल्या नॉनस्टिकला ते झाकून टाकतं. मी चार वर्षं नॉनस्टिक पॅनला बिडासारखा वागवत होते आणि वर डिशवॉशरमध्ये घालत होते, जे बिडाच्या तव्याला मी स्वप्नातही केलं नसतं.

उपाय : खाण्याचा सोडा आणि पाणी, श्रीखंडाएवढं दाट. पॅनला फासून अर्धा तास. मऊ फडक्याने गोल गोल. तीन फेऱ्या, एकूण दीड तास. तारेची घासणी नाही, हिरवी खरखरीतही नाही. काठ बऱ्यापैकी पांढरे झाले, तळाला थोडी सावली राहिली. पाण्याचा थेंब टाकला तर पुन्हा गोळी होऊन पळाला. पॅन वाचला, पण नव्यासारखा झाला नाही.

स्प्रेचा डबा शेजारी देऊन टाकला. आता अर्धा चमचा तेल, बोटाने किंवा कागदाने पुसून, जिथे मिश्रण टेकणार तेवढ्याच भागाला.

१५ मार्च

थर्मामीटरची चूक. टर्की असल्याने मधलं तापमान १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) पाहिजे, म्हणून १५ डॉलरचा टोकदार थर्मामीटर घेतला होता. वरून खुपसला तो थेट तळाला टेकला. दोन तोटे : आकडा पॅनचा दाखवला, मांसाचा नाही, आणि तळाला सुईएवढा ओरखडा. बारकाईने पाहिलं तर तसे आणखी पाच. म्हणजे दर रविवारी एकेक.

आता लोफची उंची आधी बाहेरून मोजते आणि थर्मामीटरच्या दांडीला निम्म्यावर लाकडी कपड्यांचा चिमटा लावते. चिमट्यापर्यंत आत, पुढे नाही. वाचून झालं की बाहेर, ओव्हनमध्ये ठेवत नाही. १६० दिसलं की काढते आणि दहा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा बघते. १६५ आलं तरच कापते, नाही तर परत आत.

२३ मार्च

भोकाच्या पॅनला गंज. भोकांच्या कडेला नारिंगी कडी. भोक पाडतात तिथे लेप मुळात पातळ, त्यात माझी टूथपिक दर वेळी तिथेच. दुमडलेल्या काठातही पाणी राहतं, तिथून तपकिरी थेंब ओघळला. धुतल्यावर ओला ठेवला होता दोनदा, कबूल. उरलेल्या गरम ओव्हनमध्ये पाच मिनिटं वाळवला असता तर टिकला असता, असं वाटतं.

३१ डॉलरचा पॅन सहा आठवड्यांत निवृत्त. आतला भाग गेला. बाहेरचा लेकीने रंगांच्या ट्यूब ठेवायला नेला.

३० मार्च, पाडवा

आज ओव्हनला मांस नाही. पॅन बघायलाही वेळ नव्हता. पुरणपोळ्या.

१३ एप्रिल

सासूबाई पुण्याहून आल्या. पहिल्याच दिवशी विचारलं, हे पांढरं भांडं कशाचं? सांगितलं. त्यानंतर त्यांनी त्या कपाटाला हात लावलेला नाही.

म्हणून तिसरा पॅन, सिरॅमिकच, या वेळी नऊ बाय पाचचा, २७ डॉलर. फक्त शाकाहारी. दुकानात आतून बोट फिरवून कोपरे बघितले : गोलसर हवेत. धारदार कोपऱ्यात मिश्रण अडकतं आणि लेपही तिथूनच जातो. काठ दुमडलेला नाही, असा निवडला.

त्यात कोथिंबीर वडी. कुकरमध्ये एवढा लांब पॅन बसत नाही, म्हणून मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी, त्यात पॅन, वर फॉइल घट्ट, ३५० वर पंचेचाळीस मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच उलटा केला. आख्खी वीट सुटली. कापायला सुरी नाही, पाटावर काढून दोऱ्याने. सासूबाईंनी तळलेली पहिली वडी खाल्ली आणि भांड्याला नाव ठेवलं नाही. मी याला पास समजते.

गरम पॅन नळाखाली धरणार होते तेवढ्यात त्यांनीच हात धरला. 'तापल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये गं, वाकडं होतं.' हे कागदावरही लिहिलेलं असतं, वाचलं होतं, विसरले होते.

२७ एप्रिल

जानेवारीत सोडून दिलेली नोंद. आजीबाई म्हणाल्या होत्या, ट्रेवर.

छोट्या सिरॅमिक पॅनला बेकिंगच्या कागदाचा लांब पट्टा आडवा घातला, दोन्हीकडे चार बोटं बाहेर. मिश्रण दाबून बसवलं, फ्रिजमध्ये एक तास. मग फॉइल लावलेल्या काठाच्या ट्रेवर पॅन उलटा केला, पट्टा ओढला, वीट तयार. पॅन बाजूला, ट्रे ओव्हनमध्ये. चरबी चहूकडे वाहून गेली, पाचही बाजू खरपूस. शेवटची तीन मिनिटं ब्रॉयलर लावला, या वेळी जळायला ना लेप ना कागद. हाताने वळलेला आजीबाईंचा लोफ बाजूला थोडा बसतो, साच्यातला उभा राहिला. पन्नास मिनिटांत १६५. धुवायला फॉइल चुरगळली, पॅन कोमट पाण्याने पाच मिनिटांत.

म्हणजे पॅन आता ओव्हनमध्ये जातच नाही. नवरा म्हणाला, '२४ डॉलरचा मोदकाचा साचा.'

बनाना ब्रेडसाठी मात्र तो पॅन आत जातो. पातळ पीठ ट्रेवर उभं राहत नाही.

३ मे

आतापर्यंतचा हिशोब मागितला गेला म्हणून : पॅन २४, ३१, २७; थर्मामीटर १५; बेकिंगचा कागद ६. हडसनचं पेट्रोल नवरा मोजायला तयार आहे, मी नाही.

सासूबाईंना मोठ्या पॅनवर हिरवा ठिपका हवा होता, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. नेलपॉलिश घेऊनच आल्या. ओव्हनमध्ये जळेल म्हटल्यावर गप्प बसल्या. दुपारी बघते तर जुन्या सुती साडीची पिशवी शिवलेली, पॅनच्या मापाची, आतून दुपदरी, आणि वर हिरव्या दोऱ्याने भरलेला चौकोन, चौकोनात ठिपका. पॅन त्यात घालून त्यांनी माझी स्टीलची कढई वर ठेवून पाहिली. ओरखडा नाही.

दुसऱ्या पॅनलाही शिवून द्याल का, विचारलं. तांबडा दोरा घरात नाही म्हणाल्या.